मोटर, वर्म आणि मधलं रबर : वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगबद्दल बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडली आहे: मोटर आणि वर्म यांना जोडणारं कपलिंग. म्हणून आधी रचना थोडक्यात. छोट्या गाड्यांत मोटर डॅशबोर्डखाली, स्टिअरिंग कॉलमलाच आडवी बसवलेली असते. मोटरचा शाफ्ट कपलिंगमधून स्टीलचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, फिरवतो आणि वर्म नायलॉनच्या दातांचं वर्म व्हील फिरवतो. हे व्हील कॉलमच्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं. मोटरचे पंधरा ते बावीस फेरे होतात तेव्हा स्टिअरिंगचा एक फेरा होतो. किती जोर लावायचा हे हाताचा पीळ मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरकडे बघून ईसीयू, म्हणजे स्टिअरिंगचा छोटा संगणक, ठरवतो.

प्रश्न : स.न.वि.वि. माझी छोटी हॅचबॅक आठ वर्षं जुनी आहे. खानापूर-बेळगाव रोजची ये-जा. स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं की डॅशबोर्डखाली टक्-टक् वाजतंय. एका गॅरेजवाल्यानं कॉलमखालचा इंटरमीडिएट शाफ्ट बदलला, आवाज आहे तसाच. दुसरा म्हणतो पूर्ण कॉलम टाका. घरच्यांना धास्ती की चालवताना स्टिअरिंग तुटून हातात येईल. काय करावं? — एक वाचक, खानापूर

धास्तीचं आधी. हातातल्या स्टिअरिंगपासून खालच्या युनिव्हर्सल जॉइंटपर्यंतचा शाफ्ट वर्म व्हीलमधून आरपार जातो. कपलिंग त्या वाटेवर नाही, ते बाजूला मोटरच्या वाटेवर आहे. त्याचा भुगा झाला तरी चाकं तुमच्या हातानं वळतातच. मोटरची मदत कमी होते किंवा जाते, स्टिअरिंग जड होतं. अशा गाडीनं रात्री चोर्ला घाट उतरायला जाऊ नये, पण बेळगावपर्यंत सावकाश नेता येते.

आता आवाज कुठला ते शोधू. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकानं स्टिअरिंग मधल्या जागेपासून चार-पाच अंशच, सेकंदाला दोनदा अशा चालीनं डावी-उजवीकडे हलवायचं. चाकं वळता कामा नयेत. दुसऱ्यानं खाली बसून मोटरच्या डब्यावर तळहात ठेवायचा, बोटं फिरत्या जॉइंटपासून लांब. दिशा बदलताना दर वेळी एक ठोका तळहाताला लागला तर संशय कपलिंगवर किंवा वर्मवर. मग इंजिन बंद करा, पण स्टिअरिंग लॉक पडेल इतकी किल्ली मागे नेऊ नका, आणि तसंच हलवा. ठोका जवळजवळ गेला तर दोष मोटरच्या बाजूचा, कारण करंट नसताना मोटर जोर लावत नाही आणि कपलिंगवर भार येत नाही. ठोका तसाच राहिला तर युनिव्हर्सल जॉइंट, रॅकचा (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याचा) बुश किंवा टाय-रॉड एंड बघा. खानापूर रस्त्याच्या खड्ड्यांत रॅकचा बुश आधी जातो असाच अनुभव जास्त, म्हणून ही दुसरी चाचणी टाळू नका. तुमच्याकडे शाफ्ट ही चाचणी न करताच बदललेला दिसतो.

कपलिंगच ठरलं तर कॉलम बदलायची गरज नाही. आतला तुकडा चार किंवा सहा पाकळ्यांचा रबरी किंवा मऊ प्लास्टिकचा स्पायडर असतो. मोटरच्या बॉसचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावर बसवलेल्या तुकड्याचे, दात आणि वर्मच्या बॉसचे दात यांच्यामधे तो बसतो. पाकळ्या झिजल्या की दोन्ही बाजूंचे धातूचे दात एकमेकांवर आपटतात, तोच तुमचा टक्-टक्. मदत अजून मिळते त्याचंही कारण तेच: रबर गेलं तरी दात एकमेकांत अडकलेले असतात.

काम असं करावं. चाकं सरळ करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि निदान पाच मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या सर्किटमधला चार्ज उतरायला वेळ लागतो. स्टिअरिंग व्हील दोरीनं किंवा सीटबेल्टनं बांधून टाका. खालचा जॉइंट सुटल्यावर व्हील मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची गुंडाळलेली तार, तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागून बसतो. युनिव्हर्सल जॉइंट आणि शाफ्ट यांच्यावर पेंटनं एक आडवी खूण करा, मगच बोल्ट काढा. काही गाड्यांत मोटर जागेवरच निघते, बऱ्याच गाड्यांत कॉलमचे बोल्ट सोडून तो बाकावर घ्यावा लागतो.

मोटरचे दोन-तीन बोल्ट काढून ती सरळ मागे ओढा. स्क्रू-ड्रायव्हर घालून तिरकी उचकटू नका. जुन्या रबराचे सगळे कण वेचा, पाकळ्या मोजा, एखादी कमी पडली तर ती आत वर्मकडे गेलेली असते. फडकं कोरडं वापरा. पेट्रोल, डिझेल, गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काही वापरू नका, रबर फुगतं. दोन्ही बॉसचे दात नखानं तपासा. धातूवर खळगा पडलेला असेल तर नवा स्पायडर काही महिन्यांत पुन्हा कापला जाईल, तेव्हा बॉसही बदलायला हवा.

बसवताना एक माप घ्याच. डेप्थ गेजनं मोटरच्या फ्लँजपासून (बोल्ट बसतात त्या सपाट कडेपासून) तिच्या बॉसपर्यंतची उंची आणि हाउसिंगच्या फ्लँजपासून वर्मच्या बॉसपर्यंतची खोली मोजा. त्यांच्या फरकातून स्पायडरची जाडी वजा केली की लांबीतली मोकळीक मिळते. ती अर्धा ते एक मिलिमीटर राहायला हवी. शून्य असेल तर मोटर वर्मला दाबून धरते, बेअरिंग घरघरू लागतं. बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा आणि शेवटचा टॉर्क त्या गाडीच्या मॅन्युअलमधला लावा. हाउसिंग अॅल्युमिनियमचं असतं, अंदाजानं आवळलं की आटे निघून येतात. शेवटी स्कॅन टूल लावून ईसीयूतले दोषाचे कोड पुसा आणि स्टिअरिंग अँगलचं शून्य नीट आहे का बघा.

स्पायडर काही शेकड्यांत येतो, कॉलम हजारांत. पूर्ण कॉलम सांगणारा प्रत्येक जण फसवतोच असं नाही. काही कंपन्या हा तुकडा सुटा विकत नाहीत, तेव्हा गॅरेजवाल्याकडे पार्ट नंबरच नसतो.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं सीएनसी टर्निंगचं युनिट आहे. ही रबरी कपलिंगं सारखी फाटतात म्हणून गॅरेजवाले आमच्याकडे येतात. ईएन-८ स्टीलमधे किंवा पितळेत एकसंध कपलिंग करून दिलं तर कायमचा प्रश्न मिटेल ना? डायल लावून ०.०२ मिलिमीटरमध्ये रनआउट, म्हणजे फिरतानाची वाकडी चाल, देऊ शकतो. — एक उद्योजक, बेळगाव

करून देता येईल, यात शंका नाही. देऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि त्याचा तुमच्या मशीनच्या अचूकतेशी संबंध नाही.

हिशोब करून बघा. उदाहरणाला मोटर आणि स्टिअरिंगच्या फेऱ्यांचं गुणोत्तर २० धरू, वर्म व्हीलची पिच त्रिज्या (दात भिडतात तिथली) ४० मिलिमीटर, मोटरच्या रोटरची जडता ०.०००१ किलो-मीटर वर्ग. ही जडता स्टिअरिंगच्या बाजूनं गुणोत्तराच्या वर्गानं, म्हणजे ४०० पटीनं, जाणवते: ०.०४. एवढी तर अख्ख्या स्टिअरिंग व्हीलची असते. म्हणजे रस्त्याकडून बघितलं तर डॅशबोर्डखाली आणखी एक स्टिअरिंग व्हील लपलेलं आहे, आणि ते वर्मच्या नायलॉन दातांमार्फत फिरवावं लागतं.

आता चाक खड्ड्यात आपटलं आणि कॉलमला अचानक सेकंदाला अर्धा फेरा वेग आला असं समजा. मोटरला सेकंदाला दहा फेरे, म्हणजे सुमारे ६३ रेडियन, गाठावे लागतील. जोड कडक असेल आणि हे एका मिलिसेकंदात झालं तर लागणारा टॉर्क ०.०००१ × ६३ ÷ ०.००१, म्हणजे ६.३ न्यूटन-मीटर. वीसनं गुणा, कॉलमवर १२६. ४० मिलिमीटर त्रिज्येनं भागा, नायलॉनच्या दातांवर ३१५० न्यूटन, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास. तेच रबर दबून वेळ पाच मिलिसेकंदांवर गेली तर भार पाचव्या हिश्श्यावर, ६५ किलोच्या आत. तुलनेसाठी, ३ न्यूटन-मीटरची मोटर पूर्ण जोरानं मदत करते तेव्हा, ८० टक्के कार्यक्षमता धरून, त्याच दातांवर सुमारे १२० किलो येतात. कडक जोड ठेवला तर प्रत्येक मोठा खड्डा दातांवर पूर्ण मदतीच्या अडीचपट भार टाकतो. व्हीलचे दात मुळाशी तडकतात आणि मग मात्र कॉलमच टाकावा लागतो. खरा ठोका इतका टोकदार नसतो, शाफ्ट आणि जॉइंट थोडं पिळ खातात, तेव्हा हे आकडे वरच्या मर्यादेचे समजा. कडक जोडाचा भार मात्र तरीही रबराच्या जोडापेक्षा जास्तच राहतो.

दुसरं कारण जागेचं. नायलॉन ओलावा शोषून फुगतं आणि कोरड्यात आकसतं. नायलॉन ६६ हे ५० टक्के आर्द्रतेत सुमारे अडीच टक्के वजनाचं पाणी धरतं, कणकुंबी-जांबोटीच्या पावसात त्याहून जास्त. त्यात दात झिजतात. म्हणून वर्मचं मोटरकडचं बेअरिंग पक्कं आणि दुसऱ्या टोकाचं बेअरिंग स्प्रिंगवर ठेवलेलं असतं. ती स्प्रिंग वर्मला सतत व्हीलकडे ढकलते, वर्म मोटरकडच्या टोकाभोवती किंचित कलतो. टोकाशी ०.३ मिलिमीटर हालचाल आणि बेअरिंगांमधे ६० मिलिमीटर अंतर धरलं तर हा कल ०.३ अंशाचा होतो. तुमचं ०.०२ रनआउटचं एकसंध कपलिंग हा कल होऊच देणार नाही. स्प्रिंग कपलिंगशी भांडत बसेल, प्ले (दातांमधली ढील) निघणार नाही, आणि एका फेऱ्यात एक जागी स्टिअरिंग जड, एक जागी हलकं लागेल.

काही कॉलममध्ये कंपनीचंच स्टील स्प्लाइनचं (एकमेकांत सरकणाऱ्या खाचांचं) कपलिंग असतं, हे तुम्हाला कुणी दाखवेल. ते खरं आहे. पण तिथे स्प्लाइनमध्ये ठरवून मोकळीक आणि ग्रीस असतं, आणि ठोका खाण्याची सोय दुसरीकडे केलेली असते. तो नमुना घेऊन दुसऱ्या कॉलममध्ये बसवता येत नाही.

तुम्हाला या कामात उतरायचंच असेल तर दातांचे बॉस करा. जुन्या बॉसवरचे खळगे हाच खरा प्रश्न आहे आणि तो लेथचा आहे. दातांच्या कडा ०.३ ते ०.५ मिलिमीटर गोल करा, धारदार कड रबर कापते. पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा. शाफ्टवरचा प्रेस फिट मूळ बॉस काढायच्या आधी मायक्रोमीटरनं मोजून त्याच मापाचा द्या. स्पायडर मात्र विकत घ्या. पॉलियुरेथेनमध्ये ओतून घेणार असाल तर कठीणपणा मूळ तुकड्यावर शोअर-ए गेज ठेवून मोजा आणि तेवढाच ठेवा. बाजारात औद्योगिक कपलिंगांचे ८०, ९२, ९८ शोअर-ए असे स्पायडर मिळतात. "जास्त टिकतो" म्हणून ९८ चा घेतला की वर लिहिलेला ठोका बऱ्याच अंशी परत येतो. थ्री-डी प्रिंटरवर टीपीयू या लवचीक प्लास्टिकचे करणारेही आहेत. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली ६० अंशांच्या पुढे तापमान जातं, तिथे छापलेले थर दबून बसतात आणि पुन्हा प्ले येतो. टेस्ट बेंचवर ठीक, रस्त्यावर नको.

प्रश्न : अथणी भागात धूळ फार. वर्मला कुठलं ग्रीस घालावं? चेसिसचं चालेल का? — अथणी

नाही. स्टील आणि नायलॉन या जोडीला सिंथेटिक तेलाचं, प्लास्टिकला चालणारं ग्रीस लागतं, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस घालू नका. घन कणांनी नायलॉनचा पृष्ठभाग घासतो, आणि प्रचंड दाब सोसण्यासाठी त्यात घातलेली रसायनं काही प्लास्टिकांना मानवत नाहीत. प्रमाण थोडंच: दातांच्या खाचा भरतील इतकं, बाहेर ओघळेल इतकं नाही. कपलिंगच्या रबराला ग्रीस लागू देऊ नका.

धुळीबद्दल काळजी नको. कॉलमचं हाउसिंग बंद असतं आणि गाडीच्या आत असतं. नीट चालणारा वर्म केवळ ग्रीस बदलायला उघडू नये. मोटर बॉनेटखाली रॅकवर असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे रॅकचा रबरी बूट फाटला की काळ्या मातीची भुकटी आणि पाणी दोन्ही आत जातं, तेव्हा सर्व्हिसिंगला बूट बघायला सांगा.

प्रश्न : आम्ही बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून जुन्या ट्रॅक्टरला इलेक्ट्रिक स्टिअरिंग करायचं आहे. वायपर मोटर किंवा ६०:१ चा तयार वर्म गिअरबॉक्स स्टिअरिंग शाफ्टला जोडला तर टॉर्क भरपूर मिळतो. गाईड सर म्हणतात चालणार नाही, पण का ते आम्हाला पटलं नाही. — चार विद्यार्थी

सर बरोबर आहेत. टॉर्कचं गणित तुम्ही केलंत, उलट्या दिशेचं राहिलं.

स्टिअरिंगला दोन गोष्टी लागतात. वळण संपल्यावर चाकांनी स्टिअरिंगला स्वतः सरळ आणायला हवं, आणि मोटरची वीज गेली तर माणसाच्या हातानं ते फिरायला हवं. दोन्ही वेळा व्हील वर्मला फिरवतं. हे होईल की नाही ते वर्मच्या आट्याच्या कोनावर ठरतं. स्टार्टची (वर्मवरच्या वेगळ्या आट्यांची) संख्या गुणिले मॉड्यूल (दातांच्या आकाराचं माप), भागिले वर्मचा पिच व्यास, ही त्या कोनाची टॅन्जंट.

स्टिअरिंगच्या वर्मसारखी मापं घ्या: दोन स्टार्ट, मॉड्यूल २, व्यास १२. टॅन्जंट ०.३३, कोन १८ अंश. ग्रीस लावलेल्या स्टील-नायलॉनचा घर्षणकोन ४ अंश धरा. पुढच्या दिशेची कार्यक्षमता म्हणजे टॅन १८ भागिले टॅन २२, सुमारे ८० टक्के. उलट दिशेची टॅन १४ भागिले टॅन १८, सुमारे ७७ टक्के. दोन्हीकडून फिरतो.

आता तुमचा गिअरबॉक्स: एक स्टार्ट, मॉड्यूल दीड, व्यास २४ धरू. टॅन्जंट ०.०६२५, कोन साडेतीन अंशांच्या जवळ. स्टील आणि ब्राँझ यांचा स्थिर अवस्थेतला घर्षणकोन सहज ५ अंश. आट्याच्या कोनापेक्षा घर्षणकोन मोठा म्हणजे उलट दिशेला वर्म आडून बसतो. लिफ्ट आणि चेनब्लॉकला हा गुण हवा असतो. स्टिअरिंगला त्याचा अर्थ असा की फ्यूज उडाल्या क्षणी चाकं जिथे आहेत तिथेच अडकतात, चालकानं कितीही ओढलं तरी. वायपरची मोटरही याच जातीची.

तुमच्या हातातला गिअरबॉक्स तपासायला पाच मिनिटं पुरतात. आउटपुट शाफ्टला ३०० मिलिमीटरचा दांडा बांधा, टोकाला स्प्रिंग बॅलन्स लावा, ओढा. मोटर फिरली नाही तर विषय संपला. भंगार बाजारातून आणलेल्या चांगल्या स्टिअरिंग कॉलमवर, तारा न जोडता, हाच आकडा किलो-दीड किलोच्या आत येईल.

तोच कॉलम तुमचा प्रोजेक्ट करा, ट्रॅक्टरवर नाही, चॅनलच्या फ्रेमवर. पुरवठा १२ व्होल्ट, पूर्ण जोराला ३० ते ६० अँपिअर जातात, म्हणून १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच लावा. बॅटरी चार्जर थेट वापरू नका, व्होल्टेज पडलं की ईसीयू मदत कापतो आणि तुम्ही दोष कपलिंगला द्याल. वेगाचा सिग्नल मिळाला नाही तर काही ईसीयू ठरावीक मदत देतात, काही देतच नाहीत. कॉलम घेताना कुठल्या गाडीचा ते लिहून घ्या, मगच वायरिंगचा नकाशा शोधता येईल. मग स्पायडर रबरी, ९८ शोअरचा आणि धातूचा असे तीन जोड लावून ठोक्याला मोटरचा करंट कसा उडी मारतो ते क्लँप मीटरनं नव्हे, ऑसिलोस्कोपवर बघा. क्लँप मीटर एवढ्या कमी वेळाची उडी पकडत नाही.

ट्रॅक्टरला स्टिअरिंग हलकं हवं असेल तर तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रोस्टॅटिक किट त्याच कामासाठी असतं, मागे दोन ट्रॉल्या उसाच्या ओढणाऱ्याला तेच झेपेल. आणि नोंदणी झालेल्या वाहनात असे फेरबदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतात, आरटीओला विचारल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : पुरात गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. आता वाळली आहे, इंजिनही दुरुस्त झालं, पण स्टिअरिंगचा पिवळा दिवा जात नाही आणि फिरवताना कर्कर होतं. मोटर काढून साफ करावी का? — सदलगा

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या बऱ्याच गाड्यांची हीच गत झाली. पाणी नेमकं किती चढलं होतं ते आधी ठरवा. सीटच्या कापडावरची गाळाची रेघ आणि डॅशबोर्डखालची मोटर यांची उंची ताडून बघा. मोटर रेघेच्या वर असेल तर कर्कर दुसरीकडची, खालच्या युनिव्हर्सल जॉइंटचा गंज बहुधा. मोटर आणि ईसीयू रेघेखाली असतील तर साफसफाईवर पैसे घालू नका. गाळाची बारीक माती ग्रीसमध्ये मिसळली की नायलॉनचे दात सतत घासत राहतात, मोटरमधले मॅग्नेट आणि बेअरिंग गंजतात, ईसीयूच्या पिनांवर हिरवट थर येतो. आज साफ करून दिवा जाईल, चार महिन्यांनी वळणावर मदत अचानक जाईल. मोटर, ईसीयू आणि कॉलम जोडीनंच बदला. विम्याचा दावा अजून उघडा असेल तर सर्व्हेअरला पाण्याच्या रेघेचा फोटो दाखवा आणि कनेक्टर त्याच्यासमोर उघडा.

नवं बसेपर्यंत पॉवर स्टिअरिंगचा मुख्य फ्यूज काढून ठेवा. जड स्टिअरिंग चालतं, मनात येईल तेव्हा मदत देणारं नको.

प्रश्न : कपलिंग बदललं, टक्-टक् गेली. पण आता वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, हातानं सरळ करावं लागतंय. शिवाय हायवेवर किंचित डावीकडे ओढतंय. मेकॅनिक म्हणतो व्हील अलाइनमेंट करा. — निपाणी

अलाइनमेंटचे पैसे देण्याआधी एक तपासणी. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज काढा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी फिरवा.

जड किंवा अडखळत फिरलं तर दोष यांत्रिक आहे आणि तो परवाच्या कामातलाच आहे. यात तीन शक्यता आहेत. लांबीतली मोकळीक राहिली नाही, मोटर वर्मला दाबते आहे, असं असेल तर मोटरचे बोल्ट अर्धा फेरा सैल केल्याबरोबर फिरणं हलकं होईल. मोटर तिरकी बसली, म्हणजे फ्लँजमध्ये जुन्या गॅस्केटचा तुकडा किंवा मातीचा कण राहिला, तर एका फेऱ्यात ठरावीक जागी जड लागेल. ही जागा स्टिअरिंगच्या प्रत्येक अठरा-वीस अंशांनी परत येते, कारण तेवढ्यात मोटरचा एक फेरा होतो. तिसरी शक्यता, आणि आम्हाला हीच जास्त वाटते, कुणीतरी वर्मच्या टोकाकडचा प्रीलोडचा, म्हणजे वर्मला व्हीलवर दाबून ठेवणारा, स्क्रू "टक्-टक् पूर्ण जावी म्हणून" आवळला. सगळ्या कॉलमला तो स्क्रू नसतो. असेल तर त्यावरची कारखान्याची रंगाची खूण तुटली आहे का बघा. खूण जुळवून तो परत मागे घ्या.

हलकं आणि एकसारखं फिरलं तर यंत्र ठीक, गडबड मापनाची. फ्यूज परत लावा, इंजिन चालू करा, चाकं अजून वरच ठेवून स्टिअरिंगवरचे हात काढा. ते स्वतःहून डावीकडे सरकू लागलं तर टॉर्क सेन्सरचं शून्य हललं आहे, स्कॅन टूलनं ते पुन्हा द्यावं लागेल. शून्य देताना स्टिअरिंगला कुणाचाही हात लागता कामा नये, नाहीतर चुकीचंच शून्य नोंदलं जातं. स्टिअरिंग जागेवर थांबलं आणि रस्त्यावर मात्र ओढतंय, तर मेकॅनिक म्हणतो ते बरोबर. आधी टायरमधली हवा, मग अलाइनमेंट.